वाचकांचे प्रश्न : कँडी म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत शाळेत जाते. सुट्टीत पुण्याला आली असताना ती चॉकलेटच्या वडीलाही ‘कँडी’ म्हणत होती, आमच्या बरणीतल्या आवळा कँडीला मात्र ‘ही कँडी नाहीच’ असे तिने ठरवून टाकले. गारेगारवाल्याकडची काडीवरची कँडीही तिच्या लेखी कँडी नव्हे. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता धरावा, आणि मराठीत लिहिताना त्याला ‘मिठाई’ म्हणावे काय?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे अमेरिकेपुरते बरोबर आहे, आणि आपल्या बरणीचेही काही चुकलेले नाही. अमेरिकन इंग्रजीत कडक गोळ्या, टॉफ्या, कॅरॅमल आणि चॉकलेटच्या वड्या या सर्वांना मिळून ‘कँडी’ म्हणतात. केक, बिस्किटे आणि आइस्क्रीम त्यात धरत नाहीत, म्हणूनच काडीवर गोठवलेले सरबत तिला कँडी वाटले नाही. ब्रिटनमध्ये गोळ्या-टॉफ्यांना ‘स्वीट्स’ म्हणण्याची रीत आहे, तर ऑस्ट्रेलियात ‘लॉलीज’. आपल्या जत्रेतले म्हातारीचे केस अमेरिकेत ‘कॉटन कँडी’ होतात आणि लंडनमध्ये ‘कँडीफ्लॉस’.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्यामागे अरबी ‘कंदी’, त्यामागे फारसी ‘कंद’ आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘खण्ड’ अशी त्याची परंपरा सामान्यतः सांगितली जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी नावे ओळीने आली आहेत. त्यांतील ‘शर्करा’ हा शब्दही असाच फारसी-अरबीच्या वाटेने जाऊन ‘शुगर’ झाला. प्रारंभी इंग्रजीत कँडी म्हणजे केवळ पाकातून सावकाश जमवलेले साखरेचे खडे, म्हणजे आपली खडीसाखर. दाट, गरम पाकात दोरे सोडून तो न हलवता ठेवला की निवत जाणाऱ्या पाण्यात न मावणारी साखर दोऱ्यांवर धरू लागते. दोऱ्याची खडीसाखर फोडताना दाताखाली तंतू येतो तो याचमुळे. आजही पाकिटावर ‘शुगर कँडी’ किंवा ‘रॉक कँडी’ असे छापलेले असेल, तर आत बहुधा खडीसाखरच असते.

पुढे याच शब्दाचे क्रियापद झाले आणि त्याचा अर्थ फळ किंवा साल साखरेत मुरवून टिकवणे असा रूढ झाला. आवळा वाफवून त्याच्या फोडी सुट्या करतात आणि साखरेत घालून ठेवतात. साखर फोडीत शिरते, फोडीतले पाणी बाहेर येऊन त्याचा पाक होतो, आणि काही दिवसांनी फोडी उपसून वाळवल्या की त्यांत बुरशीला पुरेसे पाणीच उरत नाही. केकमधली टुटीफ्रुटी, म्हणजे कच्च्या पपईचे रंगवलेले तुकडे, हीसुद्धा याच पद्धतीने होते. तेव्हा आपल्या बरणीवरचे नाव नातीच्या अर्थापेक्षा शब्दाच्या जुन्या अर्थाला अधिक धरून आहे, हे तिला अवश्य सांगावे.

‘मिठाई’ मात्र लिहू नये. मिठाई म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पेढे, बर्फी असे हलवायाकडचे पदार्थ येतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात पाव किलो मिठाई मागितली तर कोणी लिमलेटच्या गोळ्या बांधून देणार नाही. आपल्याकडे ‘गोळी’ हा चांगला शब्द आहे: लिमलेटची गोळी, श्रीखंडाची गोळी, पेपरमिंटची गोळी. नुसते ‘गोळी’ म्हटल्यास औषधाची समजण्याचा संभव असतो, म्हणून अनेकवचनी ‘गोळ्या-चॉकलेटे’ हा बोलण्यातला जोडशब्द लेखनातही खुशाल वापरावा, कारण अमेरिकन ‘कँडी’चा बहुतेक सगळा आवाका त्यात येतो. कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोड वस्तूला मुले ‘चॉकलेट’ म्हणतात, मग त्यात कोकोचा कणही नसो. बोलण्यात ते चालते, पण वस्तूचे वर्णन करताना टाळलेले बरे. आवळा कँडी आणि काडीवरची कँडी या दोन्ही ठिकाणी शब्द मराठीत पुरता रुळला आहे, तेथे प्रतिशब्दाचा आग्रह आम्ही तरी धरणार नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. इंग्रजी वृत्तपत्रांच्या बाजारभावात कापसाची किंमत ‘प्रति कँडी’ दिलेली असते. ती गोड कँडी नसून वजनाची खंडी आहे, आणि रुईच्या व्यवहारात ती सुमारे ३५६ किलोंची धरतात. तेथे मराठीत सरळ ‘खंडी’ असेच लिहावे.