हवामान बदलाचा खर्च आपण का करायचा? शेतीपंपाच्या विजेवरून दिलेलं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : "प्रदूषण केलं श्रीमंत देशांनी, मग हवामान बदलावरचा खर्च भारताने का उचलायचा? सौरऊर्जा वगैरे आपल्यासारख्या देशाला परवडते का?"

पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. माणशी हिशेब केला तर आपलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं चौदाच्या आसपास. 2024 साली बाकूला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलर मागितले. पदरात पडलं ते 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उभं राहून हरकत घेतली आणि ती रास्त होती.

दुसऱ्या भागाचं उत्तर मला माझ्या शेतावरूनच द्यावं लागेल. सिन्नर तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. विहीर, पाच एचपीची मोटर, गहू, कांदा आणि थोडा मका. शेतीला मोटर चालवणारी थ्री फेज लाइट पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. सगळ्या मोटरी एकाच वेळी चालल्या तर भार झेपत नाही, म्हणून ही वाटणी.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. गव्हाचं तिसरं पाणी होतं आणि पाळी रात्रीची. साडेअकराला वडील बॅटरी घेऊन विहिरीवर गेले, मी दारं धरायला उभा राहिलो. एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून त्याचं दारं बंद करायचं, पुढचं फोडायचं, आणि मध्येच मक्याच्या कडेला बॅटरी मारून डोळे चमकतात का ते बघायचं. आमच्याकडे बिबट्या ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. दीडच्या सुमाराला एक फेज गेली, मोटर बंद. वडील तिथेच घोंगडी घेऊन बसले. फेज परत आली, मोटर सुरू झाली, पण पहाटे माझा डोळा लागला आणि पाट फुटून पाणी बांधावरून सरळ ओढ्याला गेलं. किती वेळ गेलं ते कळलंच नाही. माझे वडील तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या माणसाकडे बघून मला स्वतःचीच लाज वाटली होती.

आता त्या रात्रीच्या विजेचा हिशेब मांडू. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण तीस युनिट जळतात. सरकारच्याच सांगण्याप्रमाणे शेतीपर्यंत एक युनिट पोचवायला सरासरी साडेआठ रुपयांच्या आसपास खर्च येतो. कोळसा, त्याची रेल्वे, वीजकेंद्र, टॉवर लाइन, वाटेतली गळती, सगळं त्यात आलं. म्हणजे माझ्या एका पाळीचे अडीचशे रुपये. शेतकऱ्याचा दर होता दीड रुपयाच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस रुपये. वरचे दोनशे कोण भरतं? काही भाग सरकारी तिजोरीतून अनुदान म्हणून येतो, काही भाग कारखान्यांच्या आणि दुकानांच्या वाढीव दरात टाकला जातो. नाशिकमधल्या सातपूरच्या वर्कशॉपवाल्याच्या बिलात माझ्या गव्हाचं पाणी असतं, फक्त ते त्याला दिसत नाही. दर चढले की मोठे कारखाने स्वतःची सौर वीज उभी करतात किंवा बाहेरून विकत घेतात, आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो.

या खर्चाला कुणी "हवामानाचा खर्च" म्हणत नाही. पण कोळशाच्या विजेवर शेती चालवण्याची किंमत आपण वर्षानुवर्षं मोजतोय, आणि तुम्ही विचारलेलं "परवडतं का" हे तिच्याशी तुलना करूनच ठरवायला हवं.

तुलनेसाठी सौर वीज घेऊ. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर पॅनल लावायचे आणि तीच वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून मोटरींकडे जाणाऱ्या लाइनला द्यायची. निविदांमध्ये दर निघाला युनिटला तीन रुपयांच्या आसपास. लांबची लाइन नाही, वाटेतली गळती कमी. त्यावर तारा आणि देखभालीचा खर्च धरला तरी साडेआठच्या बराच खाली राहतो.

सौर विजेवर नेहमीचा आक्षेप असतो की सूर्य मावळल्यावर काय? घरातल्या आणि शहरातल्या दिव्यांसाठी तो शंभर टक्के खरा आहे. संध्याकाळी सातनंतर राज्य अजून मुख्यतः कोळशावरच चालतं, त्यामुळे चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्राची चिमणी उद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शेतीची गोष्ट वेगळी. दुपारी उपसलेलं पाणी मुळाशी मुरलं की काम झालं, त्याला महागडी बॅटरी लागत नाही. ज्या वेळी ऊन असतं त्याच वेळी शेतकऱ्याला लाइट हवी असते. शेजारच्या गावचा फीडर सौर विजेवर गेला, तिथला माझा मावसभाऊ आता सकाळी नऊला मोटर चालू करतो आणि चार वाजता घरी येऊन चहा पितो. त्याला पृथ्वीचं तापमान किती वाढलं ते विचारलं तर सांगता येणार नाही, पण कुणी ही लाइट काढून घ्यायला आलं तर तो रस्त्यावर उतरेल. राजकारणात टिकतं ते असंच काहीतरी.

इतकं सगळं चांगलं असेल तर अडतं कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्हींबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

पहिलं म्हणजे जमीन. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागते. खाजगी जमिनीला योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळाच्या मालकाला हे पैसे पिकापेक्षा जास्त आहेत. पण सरकारी जमीन स्वस्त पडते म्हणून नजर जाते गायरानावर. आमच्या ग्रामसभेत हा विषय आला तेव्हा बागायतदार सगळे बाजूने होते. विरोध केला मेंढ्यांवर जगणाऱ्या सात-आठ घरांनी. त्यांना ना विहीर, ना मोटर. गावाला दिवसा लाइट मिळणार आणि त्यांचं कुरण जाणार. त्यातली एक म्हातारी उठून म्हणाली, "तुमचं पाणी दिवसा झालं, माझी मेंढरं कुठं नेऊ?" तिला कुणी उत्तर दिलं नाही, मीही दिलं नाही. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतात. ते पैसे सर्वात आधी त्या घरांच्या चाऱ्यावर आणि पाण्यावर खर्च व्हायला हवेत असं मला आजही वाटतं.

दुसरी अडचण मला जास्त काळजीची वाटते. 2004 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राज्यात शेतीची वीज मोफत झाली आणि 2005 मध्ये ती सवलत मागे घ्यावी लागली. 2024 मध्ये, पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज आली. 44 लाखांवर शेतकरी, वर्षाचा खर्च 14,760 कोटी. मीही त्यात आहे आणि माझं बिल शून्य येतं. पण मोटर फुकट चालत असेल तर ती बंद करायला कुणी उठत नाही. पंजाबात 1997 मध्ये शेतीची वीज मोफत झाली, तिथे भाताखालचं पाणी किती खोल गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या राज्यात फुकटाच्या जोडीला आता दिवसाची सोयीची लाइटही येतेय. विहीर आटली तर पुढची पायरी बोअर, त्यापुढे आणखी खोल बोअर. सूर्य स्वस्त आहे म्हणून भूजल स्वस्त होत नाही.

कोळशावर करही आपल्याकडे होता, हे फार लोकांना माहीत नसतं. 2010 मध्ये टनाला 50 रुपये उपकर सुरू झाला आणि 2016 पर्यंत तो 400 वर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा करायचा म्हणून तो घेतला होता. 2017 ला जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसुलाच्या भरपाईकडे वळला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्या भरपाईसाठीचा उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्के झाला. चंद्रपूरच्या खाणीशेजारी राहणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

आणि काहीच केलं नाही तरी खर्च टळत नाही. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शेतं खरवडून गेली, त्यानंतर सरकारला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. तो प्रत्येक थेंब हवामान बदलाचाच होता असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण समुद्र तापला की हवेत बाष्प वाढतं आणि मोठा पाऊस अजून मोठा होतो, हे विज्ञान पक्कं आहे. हे पैसे अमेरिका देणार नाही.

तेव्हा माझं उत्तर असं : श्रीमंत देशांकडे मागणी लावून धरावी, जरूर धरावी, पण रात्रीचं पाणी बंद व्हायला त्यांच्या चेकची वाट बघू नये. इथे आपला फायदा आहे म्हणूनच हे करायचं आहे.

माझ्या मोटरीला आज मीटर नाही, एचपीवर आकारणी होती आणि आता तीही माफ. मीटर बसवायला माझी तयारी आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी गावातल्या शेतकऱ्यांनी 2016 साली सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि पाणी देऊन उरलेली वीज ग्रिडला विकायला लागले. तिथे वाचवलेल्या पाण्याला विजेच्या रूपाने भाव मिळाला. आम्हालाही तसं द्या. मला ठरावीक युनिट हक्काचे ठरवून द्या, आणि त्यातले जे मी जाळणार नाही त्यांचे पैसे माझ्या खात्यात टाका. मग ठिबकचा खर्च मी स्वतः करेन, आणि कांद्याला एक पाणी कमी देता येतं का हेही बघेन.