एकट्या पल्सारला फिरवलं कोणी?

प्रश्न : सर, मी साखर पेठेत राहतो. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, मी सूतगिरणीत. चाती गरागरा फिरते, कारण तिला पट्टा असतो. मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे पल्सार (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेले, फिरताना रेडिओ झोत टाकणारे चिमुकले, घट्ट तारे) जोडीदार ताऱ्याकडून वेग मिळवतात. मग ज्यांना जोडीदारच नाही त्यांचं काय? ते जन्मतःच तसे असतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पट्ट्यावर बरोबर बोट ठेवलंत. इथे पट्टा म्हणजे जोडीदार तारा. तो होता, नंतर गेला.

जन्मतःचा वेग इथे पटत नाही. 1054 साली दिसलेल्या स्फोटातून जन्मलेला क्रॅब पल्सार सेकंदाला 30 गिरक्या घेतो, आणि जबर चुंबकीय क्षेत्रामुळे झपाट्याने मंदावतोय. उलट 1982 मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीला सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार, म्हणजे काही सहस्रांश सेकंदांत एक गिरकी घेणारा, बघा. (शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) सेकंदाला 642 गिरक्या, पण मंदावणं नावालाच. क्षेत्र क्रॅबच्या साधारण दहा हजारांश, भोवती स्फोटाचे अवशेषही नाहीत. ही लक्षणं म्हाताऱ्याची. आणि गंमत म्हणजे हा पहिलाच गडी एकटा निघाला!

त्याच वर्षी बंगळूरचे खगोलशास्त्रज्ञ राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी, तसंच अल्पर आणि सहकाऱ्यांनी वेगळेपणाने मांडलं : थकलेला पल्सार जोडीदाराचा वायू ओढतो, तो चकतीतून घुमत त्याच्यावर पडतो आणि गिरकी वाढवतो. 1998 मध्ये असा वायू ओरपत सेकंदाला 401 गिरक्या घेणारा तारा क्ष-किरणांत रंगेहाथ सापडला.

मग जोडीदार गेला कुठे? 1988 मध्ये 'काळी विधवा' पल्सार सापडला. नाव जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या, नराला खाणाऱ्या मादीचं. सव्वानऊ तासांच्या प्रत्येक फेरीत जोडीदाराभोवतीचा वायू पल्सारचा रेडिओ संदेश झाकतो. त्या जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम दोन-तीन शतांश उरलंय, आणि पल्सारचा कणांचा झोत तेही उडवतोय. ज्याने वेग दिला त्यालाच जाळायचं, असा हा व्यवहार. जोडीदार पुरता संपला, की पल्सार एकटा. क्षेत्र दुबळं असल्याने गिरकी मात्र अब्जावधी वर्षं टिकते.

एवढ्यावर सगळे एकटे पल्सार निकालात निघतात, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जोड्यांत हे उडवणं इतकं सावकाश चालतं, की विश्वाचं आजवरचं वयही अपुरं पडावं. गोलाकार तारकागुच्छांत दुसरी वाट आहे. तिथे तारे इतके दाटीने असतात, की जवळून जाणारा तिसरा तारा जोडीच फोडू शकतो. अशा गुच्छांत एकटे मिलिसेकंद पल्सार बरेच सापडलेत.