स्किन ओपीडीत नवीन आहेस ना, मग आधी एवढंच कर
घाबरू नकोस, सुरुवातीला सगळेच गोंधळतात. दुर्मिळ आजार राहू देत, आधी पेशंटला चांगल्या उजेडात बसव आणि दाखवला तेवढाच डाग न बघता नखं, डोकं, बोटांच्या बेचक्या पण बघ. खाज रात्री वाढते, घरात अजून कोणाला खाजतंय असं म्हणाले तर खरूज आधी डोक्यात आण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोल लाल चट्टा दिसला की एक्झिमा समजून स्टेरॉइड क्रीम देणं, तो नायटा निघाला तर थोडे दिवस बरं वाटतं आणि मग कडा पुसट होऊन असा पसरतो की ओळखूच येत नाही, म्हणून कडेचे पापुद्रे खरवडून केओएच (त्यात बुरशी आहे का हे मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) करच, आणि आधी काय काय लावलंय ते ट्यूब दाखवायला सांगून विचार.

फिकट चट्ट्यावर कापूस फिरवून स्पर्श कळतो का बघ, नाहीतर कुष्ठरोग नजरेतून सुटतो. डर्मोस्कोपीचं, म्हणजे खास भिंगाने त्वचा मोठी करून बघण्याचं, नंतर बघू.