१९७६ च्या कॉर्व्हेटमध्ये (शेवर्लेची स्पोर्ट्स कार) एलएस-३ हे शेवर्लेचंच नव्या पिढीचं व्ही-८ इंजिन बसवायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७६ ची, मूळ एल-४८ इंजिन, तीन-स्पीड ऑटोमॅटिक, राहणं सॅन होजेला, आणि एलएस-३ ची ऑर्डर आत्ता द्यावी का. माझं स्पष्ट मत: इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. ते बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. पैसा आणि वेळ जातो तो इंजिनाच्या पुढे, मागे आणि खाली, आणि हा खर्च इंजिनाच्या किमतीएवढा सहज होतो.

पहिला मुद्दा कायद्याचा, कारण त्यावरच कुठलं इंजिन घ्यायचं हे ठरतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी (धुराची प्रदूषण-चाचणी) माफ आहे. तुमची गाडी एका वर्षाने हुकली. म्हणजे दर दोन वर्षांनी तपासणी आलीच. इंजिन बदललं की नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषणरोधक यंत्रणा पूर्ण हवी आणि राज्याच्या रेफरीने (अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत परीक्षकाने) गाडी पाहून पास करायला हवी. यासाठी शेवर्लेचं ई-रॉड पॅकेज हा सरळ रस्ता: इंजिनासोबत कंट्रोलर (इंजिन चालवणारा संगणक), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर असं सगळं एकत्र येतं. घेण्याआधी त्याचा राज्याने दिलेला मान्यता-आदेश मागवा आणि तुमच्या सालाला लागू होतो का ते स्वतः वाचा. मोठ्या कॅमवाले (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा असलेले) ४८० किंवा ५२५ प्रकारचे एलएस-३ तुमच्यासाठी नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या कॅमने इंजिनाचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) कमी होतो, आणि तुमच्या गाडीचा ब्रेक बूस्टर आणि वर उघडणारे हेडलाइट दोन्ही व्हॅक्यूमवरच चालतात. साध्या कॅमचं एलएस-३ ४३० हॉर्सपॉवर देतं. तुमचं एल-४८ नवं असताना १८० देत होतं.

आता गाडी जॅकवर घ्या. वरची बॉडी फायबरग्लासची असली तरी आतला सांगाडा आणि चॅसिस लोखंडाची आहे आणि गंज तिथेच लपतो. दाराच्या पुढचे, पायाजवळचे आतले पॅनेल काढून विंडशील्डच्या चौकटीचा खालचा भाग बघा. मग मागच्या चाकांच्या पुढे चॅसिस जिथे वर वळते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक आत गेलं तर काम तिथेच थांबवा. वेल्डिंग आधी, इंजिन नंतर. १९७६ पासून पुढच्या फ्लोअरलाही पत्रा आला, तोही कार्पेट उचलून तपासा.

मागचं सस्पेन्शन हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. या गाडीत हाफ-शाफ्ट (डिफरन्शिअलपासून मागच्या चाकांपर्यंतचे दांडे) नुसते चाक फिरवत नाहीत, सस्पेन्शनचा वरचा दांडाही तेच आहेत. त्यांची आतली टोकं डिफरन्शिअलमधल्या योकवर (शाफ्ट जोडायच्या दुबेळक्यावर) येतात आणि ती योकची टोकं वर्षानुवर्षं आत घासून झिजतात. झिजली की शाफ्ट आत-बाहेर सरकतो, आणि त्याबरोबर चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर कलण्याचा कोन) बदलतो. १८० हॉर्सपॉवरला हे फारसं जाणवत नाही. ४३० ला वळणात ॲक्सिलरेटर दिला-सोडला की गाडीची शेपटी स्वतःहून दिशा बदलते आणि चालवणाऱ्याला कारण कळत नाही. तपासणी सोपी आहे: चाक उतरवा, हाफ-शाफ्ट दोन्ही हातांनी धरून डिफरन्शिअलच्या दिशेने ढकला आणि बाहेर ओढा. एक-दीड मिलिमीटरची हालचाल हाताला जाणवली तरी डिफरन्शिअल खाली उतरवून योक बदला. त्याच वेळी चारही जॉइंट क्रॉस नवे, बिनाग्रीसवाले सॉलिड घाला. ट्रेलिंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या लांब दांड्याचे) बोल्ट बूशमध्ये गंजून जाम झालेले असतात. हातोड्याने ठोकत बसू नका, करवतीच्या पात्याने कापूनच निघतात. एक दिलासा असा, की तुमच्या डिफरन्शिअलचं घर बिडाचं आहे आणि याच घराण्याने १९७४ पर्यंत ४५४ घनइंचाचं इंजिन झेललंय. १९८० ते १९८२ चं ॲल्युमिनियमचं असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता.

ब्रेक. चारही चाकांना चार-पिस्टन डिस्क आहेत, तत्त्वतः पुरेशा. पण कॅलिपरचे बोअर गंजतात, म्हणून स्टेनलेस स्लीव्ह घातलेले कॅलिपर घ्या. दुसरी खोड या गाड्यांचीच आहे: कारखान्यात डिस्क हबला रिव्हेट मारून मग दोन्ही एकत्र मशीन केलेले असत. कुणीतरी रिव्हेट काढून नवी डिस्क नुसती अडकवली असेल तर ती डगडगत फिरते, पिस्टन सतत मागेपुढे होतात आणि सील बाहेरची हवा आत ओढतात. कुठे गळती नाही, तरी आठवड्याभरात पेडल स्पंजासारखं. डायल गेज लावून डिस्कचं डगडगणं ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरच्या आत आणा. लागल्यास हब आणि डिस्कच्या मध्ये शिम (पातळ चकती) घाला.

एवढं झालं की इंजिन मागवा. अडॅप्टर प्लेट लावून ते जुन्या माउंटवर बसतं. नव्या कॉर्व्हेटसाठीचं रुंद, उथळ ऑइल पॅन मात्र चालणार नाही, कारण खाली क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगचा आडवा दांडा आहे. मागे खोल असलेलं, इंजिन बदलासाठीच बनवलेलं पॅन लावा. पॅन बदलताना तेल ओढणारी नळी काढावी लागते आणि तिच्या तोंडाशी एक ओ-रिंग असते. हीच ओ-रिंग चिमटली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, प्रेशर अर्धवट येतं आणि नवंकोरं इंजिन बेअरिंग खाऊन बसतं. ओ-रिंग नवी घ्या, तिला तेल लावा, नळी हाताने सरळ दाबून बसवा. बोल्ट आवळून नळी आत खेचू नका. पॅनची मागची कड ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागाशी पट्टी लावून समपातळीत आणा. खाली बसणारा एसी कॉम्प्रेसर चॅसिसला लागतो, त्याला वरच्या बाजूचं ब्रॅकेट हवं.

गिअरबॉक्सबद्दल: जुना ऑटोमॅटिक ठेवता येतो, पण एलएस क्रँकची मागची फ्लँज जुन्या इंजिनापेक्षा ०.४ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर आत असते. त्यासाठी स्पेसर आणि योग्य फ्लेक्सप्लेट (क्रँकला टॉर्क कन्व्हर्टर जोडणारी चकती) लागते. बोल्ट ओढण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये दीड ते पाच मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर गिअरबॉक्सचा पुढचा पंप पहिल्याच स्टार्टला तुटतो. मी तुमच्या जागी ४एल-७०-ई हा चार-स्पीड ऑटोमॅटिक घेईन. त्याच घराण्यातला ७००-आर-४ १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये कारखान्यातूनच येत होता, त्यामुळे टनेलमध्ये (फ्लोअरमधल्या गिअरबॉक्सच्या उंचवट्यात) मावतो. मागचा आडवा बीम तेवढा बदलावा लागेल. हाताने गिअर टाकायचे असतील तर ट्रेमेकचा पाच-स्पीड टीकेएक्स फारशी काटछाट न करता बसतो. सहा-स्पीड मॅग्नमसाठी टनेल कापावं लागतं.

पेट्रोलच्या बाबतीत तुमच्या सालाची एक खास अडचण आहे. १९७५ ते १९७७ च्या टाकीत आत रबरी पिशवी असते. टाकीला भोक पाडून आत पंप बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पिशवी काढूनही नको, कारण ती एव्हाना कडक होऊन तिचे कण सुटत असतात. आत पंप आणि पेट्रोल साठून राहील असा कप्पा असलेली नवी टाकीच घ्या, नाहीतर पाव टाकीवर वळणात पंप हवा ओढेल. जुना पंप ७ पीएसआयच्या आसपास दाब द्यायचा, एलएस-३ ला ५८ लागतो. म्हणून जुनी रबरी नळी एकही ठेवू नका. फ्युएल इंजेक्शनसाठीचीच नळी आणि तिचे गोल पट्टीचे क्लॅम्प वापरा. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर यासाठी उत्तम: त्यातच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो. तो टाकीजवळ बसवला की परतीची नळी हातभर पुरते, पुढे एकच ३/८ इंची नळी न्यायची.

कूलिंगमध्ये लोक मोठा रेडिएटर घालतात आणि तरी गाडी तापते. ही गाडी हवा समोरून कमी आणि नाकाखालून जास्त घेते. बंपरखालचा हवा अडवणारा रबरी पडदा आणि रेडिएटरभोवतीच्या फोमच्या पट्ट्या नसतील तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. शहरात ठीक, हायवेवर काटा चढतो, हे त्याचं लक्षण. आधी पडदा आणि पट्ट्या लावा. एलएस-३ च्या पंपाची दोन्ही तोंडं प्रवाशाच्या बाजूला आहेत, रेडिएटर तसाच निवडा. हेड्सवरून येणारी बारीक वाफेची नळी रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जोडा. ती बंद केली तर हेडमध्ये वाफ कोंडते आणि गेज मात्र नॉर्मल दाखवतं. हीटर वापरणार नसाल तरी त्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडा, बूच मारू नका.

वायरिंगमध्ये नव्वद टक्के डोकेदुखी अर्थिंगची. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूला परतीची वायर लागते. बॅटरी सीटच्या मागे आहे. तिथून चॅसिसला, चॅसिसवरून इंजिनाला जाड केबल टाका, आणि कंट्रोलरची अर्थिंग थेट हेडच्या मागच्या बोल्टवर घ्या. स्टार्टर फिरताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावा: ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब आहे. इलेक्ट्रॉनिक पेडल कंट्रोलरला जुळणारंच हवं, आणि फायरवॉल लवचिक असल्यामुळे त्याच्या मागे लोखंडी पट्टी द्या. १९७६ चा टॅको (आरपीएम दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक आहे ही जमेची बाजू, पण कंट्रोलरचा सिग्नल चार सिलिंडरच्या हिशेबाचा असतो, त्यामुळे तो निम्मे आरपीएम दाखवेल. मध्ये सिग्नल बदलणारा छोटा डबा लागतो. स्पीडोमीटरला केबल हवी आणि ४एल-७०-ई ती देत नाही, त्यासाठीही वेगळा मोटर-ड्राइव्ह घ्यावा लागेल.

पहिल्या स्टार्टआधी तेलाचा दाब आणा. जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने पंप फिरवता यायचा, इथे पंप क्रँकवरच आहे. प्रेशर टाकीने तेल आत ढकला, किंवा प्लग काढून, इंजेक्टर आणि इग्निशनचे फ्यूज काढून, थोडं थोडं थांबत स्टार्टर फिरवा. गेजवर दाब दिसेपर्यंत प्लग लावू नका.

नवं इंजिन जुन्यापेक्षा पन्नासएक किलो हलकं आहे, त्यामुळे गाडीचं नाक वर उचललं जातं. स्प्रिंगची उंची जुळवून, गाडी थोडी चालवून बसू द्या आणि मगच अलाइनमेंट करा. काढलेलं एल-४८ विकू नका. १९७६ मध्ये ४६,५५८ कॉर्व्हेट बनल्या, त्यामुळे गाडी दुर्मीळ नाही. पण ब्लॉकवरचा अनुक्रमांक गाडीशी जुळत असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला त्या इंजिनाची किंमत असते. सिलिंडरमध्ये तेल सोडून, सगळी तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा.