रोज डायरी लिहूनही मन हलकं का होत नाही?

“चार वह्या भरल्या. लिहिलं की मन मोकळं होतं म्हणतात, मग लिहून झाल्यावर मला तासभर झोप का लागत नाही?”

प्रश्न ३७ वर्षांच्या एका ताईंचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बँकेतली नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि फोनवरून सूचना देणाऱ्या नणंदबाई. रात्री साडेदहाला अंथरुणात बसून त्या दिवसभराचं साचलेलं वहीत उतरवायच्या.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्यांना लाल पेन दिलं आणि चौथ्या वहीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्याखाली रेघा मारायला सांगितल्या. ‘मला सगळे गृहीत धरतात’ हे वाक्य ४० पानांत २६ वेळा निघालं. नणंदबाई नेमकं काय बोलल्या, कधी बोलल्या, ताईंनी काय उत्तर दिलं, याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. याला आम्ही रवंथ म्हणतो. तेच दुःख पुन्हा चघळलं जातं, तेही झोपायच्या वेळी.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा १९८६ सालचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या प्रसंगांवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना जास्तच उदास वाटलं होतं. म्हणजे ताईंना येणारा जडपणा वेगळा नव्हता, त्याची वेळ चुकत होती.

म्हणून लिखाण संध्याकाळी साडेसातवर आणलं. खुर्चीत बसून, मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं आणि दहा मिनिटं हाताचं काम करायचं. त्या भाजी निवडायच्या.

पानाची मांडणीही बदलली. आधी तीन-चार ओळी फक्त घटना, सीसीटीव्हीत दिसेल तेवढीच. मग त्या क्षणी मनात आलेला विचार, जसाच्या तसा. मग भावनेचं नाव आणि ० ते १०० मध्ये तिची तीव्रता. ‘वाईट वाटलं’ चालणार नाही. राग, अपमान, भीती, थकवा यांतलं नेमकं काय ते लिहायचं. मग त्या विचाराच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय. शेवटी उद्या करता येईल अशी एकच गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. ‘विरुद्ध काय’ या रकान्यात ताई स्वतःलाच झोडपू लागल्या: मीच कमी पडते, मीच चिडकी. तो रकाना पुरावा मांडण्यासाठी असतो, शिक्षा सुनावण्यासाठी नव्हे. हीच परिस्थिती मैत्रिणीची असती तर तिला काय सांगितलं असतं, ते तिथे लिहायला सांगितलं. मधे चार दिवस खंड पडला, त्याचीही टोचणी लागली. मग रोजचा नेम सोडून आठवड्यातून तीनच दिवस ठरवले.

आणखी एक गोष्ट हळूहळू कळली. वही उशाशी उघडीच असायची. यजमानांनी ती वाचावी असं ताईंना कुठेतरी वाटत होतं. अशा वहीत माणूस स्वतःशी बोलत नाही, बाजू मांडतो. मग सुटे कागद वापरले, लिहून फाडायची मुभा दिली. यजमानांना सांगायचं ते तोंडाने सांगायचं, असं ठरलं.

रात्रीसाठी वेगळं काम: पाच मिनिटं, उद्याच्या कामांची यादी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ सालच्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. ‘बँकेचं काम’ असं मोघम न लिहिता ‘११ वाजता साहेबांना रजेचं विचारणे’ असं लिहायचं.

एक इशारा. घाव ताजा असेल, लिहिल्यावर अर्ध्या तासानेही छातीतली धडधड थांबत नसेल, तर लिहिणं थांबवा आणि समुपदेशकाशी बोला. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सहाव्या आठवड्यात ताईंनी नऊ कागद टेबलावर मांडले. सातांवर नणंदबाईंचा फोन होता, आणि सातही वेळा तो ऑफिसातून घरात पाय टाकल्या टाकल्या आलेला. रागाचा आकडा प्रत्येक वेळी ८० च्या वर. ‘उद्याची एक गोष्ट’ म्हणून त्यांनी नणंदबाईंना रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. आता तो फोन यजमान घेतात.