पुढचे पाटे वाढवावेत की बदलावेत?

प्रश्न : पुढेही पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या माझ्या जुन्या पिकअपमधून मी गोव्यातील डिचोली परिसरात चिरे पोचवतो. गाडी पुढे डावीकडे झुकली असून खड्ड्यात खाडकन आवाज येतो. पुढे एक जादा पाटा घालावा का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : कृपया तशी घाई करू नये. चिऱ्यांचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर पडतो. पुढे जादा पाटा घातल्यास रिकामी गाडी अधिक उसळते, ब्रेक लावताना चाकांची पकड सुटू शकते आणि पुढचा भाग उंचावल्याने कॅस्टर कोनही (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे असलेला कल) बदलतो. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डावीकडे ते कमी भरल्यास पाट्यांच्या मधल्या बोल्टजवळ नीट पाहावे, कारण पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टखाली पाट्याला गेलेला तडा चिखल व गंजाखाली सहज लपतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत गंज फार लवकर धरतो. आवाजाचे मूळ मात्र बहुधा झिजलेल्या बुश (पाट्याच्या टोकातील नळी), शॅकल पिन (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी खीळ) किंवा निकामी शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये सापडते.

पाटे बदलायचे झाल्यास दोन्ही बाजूंचे एकदमच, कंपनीच्या मूळ मापाचे बसवावेत, सोबत नवे यू-बोल्ट घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत. पाटे वाढवल्याने गाडीची मंजूर भारक्षमता मुळीच वाढत नाही, आणि नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाही.