व्हॅम्पायर वीकेंड हा बँड नेमकं कोणतं संगीत वाजवतो? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

नावावरून हेवी मेटल वाटतं, पण तसं काही नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार मित्रांनी हा बँड काढला. म्हणायला इंडी रॉक, म्हणजे बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या साच्याबाहेरचं रॉक. पण गिटार ऐकाल तर आफ्रिकन पॉपची आठवण येते. सूर स्वच्छ, चढे, कारंज्यासारखे उडणारे, पॉवर कॉर्डचा, म्हणजे हेवी मेटलमधल्या त्या जाड, घणाघाती गिटार-सुरांचा, गोंगाट जवळपास नाहीच. त्यावर मध्येच व्हायोलिन-चेलो आणि हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याची किणकिण. श्रीमंत कॉलेजातल्या गोऱ्या पोरांनी आफ्रिकेचे ताल उचलले, अशी टीका झाली. टीका अगदीच फोल नाही, पण ही सरमिसळ त्यांना जमली आहे हेही खरं.

२००८ चा पहिला अल्बम गाजला, २०१० चा 'कॉन्ट्रा' बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियता-यादीत थेट पहिला. 'मॉडर्न व्हॅम्पायर्स ऑफ द सिटी' (२०१३) मात्र वेगळ्याच वजनाचा: मृत्यू, श्रद्धा, वाढतं वय. त्याला ग्रॅमीही मिळालं. २०१६ मध्ये मूळ चौघांपैकी रोस्तम बॅटमंगलिज बँडमधून बाहेर पडला. ध्वनीची बरीचशी कारागिरी त्याचीच, त्यामुळे २०१९ च्या अल्बमचा पोत सैल, ऐसपैस वाटतो.

सुरुवात पहिल्या अल्बमपासून करा, मग थेट २०१३ वर उडी मारा. मधला अल्बम नंतर ऐकलात तरी चालेल.